शेवटचा रकाना

रत्नागिरीत मी ज्या कॉलेजात जावा शिकवते, तिथली मुलं तोंडी परीक्षेच्या दिवशी मला मनापासून घाबरतात. मी मुळात तापट, आणि त्यात माझा एक ठरलेला प्रश्न आहे. मी फळ्यावर एक ओळ लिहिते. नाव, उभी रेघ, गाव, उभी रेघ, फोन नंबर, आणि शेवटी पुन्हा एक उभी रेघ; तिच्यापुढे काहीच नाही. मग विचारते, "ही ओळ उभ्या रेघेवर तोडली तर तुकडे किती?" मूल मनातल्या मनात मोजतं आणि म्हणतं, "चार, मॅडम. चौथा रिकामा." मी मान हलवते. तुकडे तीनच. ओळी तोडण्यासाठी जावात स्प्लिट नावाची जी सोय आहे, ती मधले रिकामे तुकडे ठेवते आणि ओळीच्या शेवटचे रिकामे तुकडे मुकाट्याने टाकून देते. ते हवे असतील तर तिला वेगळं बजावावं लागतं, रेघेबरोबर वजा एक हा आकडाही द्यावा लागतो. या एका प्रश्नावर मी दरवर्षी मुलांचे गुण कापत आले आणि वर "एवढं साधं लक्षात राहत नाही?" असंही ऐकवत आले.

हे सगळं आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं ते मला माहीत नव्हतं म्हणून घडलं, असं कुणाला वाटायला नको. मला माहीत होतं.

आमचं गाव रत्नागिरीपासून एसटीने दीड तास आत आहे. समुद्र नाही, मासळीबाजार नाही. कातळ, भातखाचरं, थोडीफार आंब्याची कलमं आणि निम्म्या घरांना कुलपं. ही कुलपं शिमग्याला उघडतात. होळी झाली की ग्रामदेवतेची पालखी वाडीवाडीतून घरोघर फिरते. ती ज्या दिवशी आपल्या अंगणात येणार त्या दिवशी मुंबईचा माणूस काहीही करून घरी असतो. साहेबाशी भांडेल, पगार कापून घेईल, पण येईल. अडचण एवढीच, की तो दिवस नेमका कोणता हे फक्त आबांना ठाऊक असायचं. आबा म्हणजे आमच्या गावचे सगळ्यात जुने मानकरी, ऐंशीच्या पुढचे. कुठल्या घरामागून कुठलं घर, कुठल्या वाडीत किती वेळ, सगळं त्यांच्या डोक्यात. मुंबईहून फोन आला की ते सांगायचे, "सातमीला ये, दुपारच्याला." आणि सप्तमीच्या दुपारी पालखी खरंच दारात असायची.

पण गावच्या मुंबईकरांचं जे मंडळ आहे, त्यातल्या लोकांचं तेवढ्यावर भागेना. रजेचा अर्ज, गाडीचं रिझर्वेशन, सगळं महिना-दोन महिने आधी. माघात गावची बैठक झाली तेव्हा मंडळाच्या सेक्रेटरीने मागणी केली, की प्रत्येक घराचा दिवस आणि वेळ आधी छापून मोबाईलवर यायला हवी. माझे बाबा गावच्या कमिटीवर आहेत. ते म्हणाले, "आमची बाय करून देईल."

मला झालेला आनंद मी तेव्हा कुणाला दाखवला नाही. आमच्याकडे पालखीशी बायकांचा संबंध ओटी भरण्यापुरता. पालखी खांद्यावर घ्यायची पुरुषांनी, नाचवायची पुरुषांनी, मार्ग ठरवायचा पुरुषांनी. लहानपणी मी एकदा दांड्याला हात लावला म्हणून मला सगळ्यांदेखत मागे ओढलं होतं, त्याचा राग माझ्या मनात अजून होता. आणि आता पालखी कुठे कधी जाणार याचा कागद मी काढणार होते. मी बाबांना म्हटलं, "बघते वेळ मिळाला तर," आणि त्याच संध्याकाळी कामाला बसले.

मंडळाकडे घरांची यादी होती. एका घराची एक ओळ: क्रमांक, कुटुंबप्रमुखाचं नाव, वाडी, पत्ता, गावातला फोन, आणि शेवटचा सहावा रकाना मुंबईतल्या संपर्काचा. मंडळाने रकाने स्वल्पविरामाने तोडले होते. पण आपल्याकडचे पत्ते म्हणजे "वडाच्या खाली, विहिरीच्या वर, शाळेच्या पाठी". स्वल्पविरामांचा सुकाळ. म्हणून मी सगळीकडे उभी रेघ घातली. पहिल्यांदा प्रोग्राम चालवला तर पडद्यावर अक्षरांचा नुसता भुगा. काना एका ओळीत, वेलांटी दुसऱ्या ओळीत, अनुस्वार एकटाच तिसरीकडे. उभ्या रेघेला जावात वेगळा अर्थ असतो, तिच्याआधी दोन तिरक्या रेघा लावून तिला शांत करावं लागतं, हेसुद्धा मी शिकवते. मी विसरले होते. स्वतःशीच हसले, दुरुस्ती केली.

शनिवारी गावी गेले, आबांकडून वाडीवाडीचा क्रम आणि वेळा लिहून घेतल्या आणि यादी ताजी करायला बाबांना शेजारी घेऊन बसले. कोण वारलं, कुणी घर विकलं, कुणाचा नंबर बदलला. ज्यांचं मुंबईत कुणीच नाही त्यांच्या शेवटच्या रकान्यात मंडळाने आधीच "नाही" लिहून ठेवलं होतं, त्यामुळे सगळे रकाने भरलेले होते. एका ओळीपाशी बाबा थांबले. ती वरच्या पाखाडीवरच्या काकीची ओळ होती.

ही काकी आमच्या नात्यातली नाही, पण गावात सगळ्यांची काकी. चिऱ्याच्या पायऱ्यांची उभी पाखाडी चढून गेलं की वर तिचं एकटीचं घर. नवरा फार आधी गेलेला. एकच मुलगा, मुंबईत कारखान्यात कामाला. तो आजारी पडला आणि तिथेच गेला. त्याला वर्ष होऊन थोडेच दिवस झाले होते, वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. शेवटच्या रकान्यात त्याचा नंबर तसाच होता.

"तो काढून टाक गो," बाबा म्हणाले. "चुकून कोणीतरी लावायचा."

मी तो नंबर पुसला. तिथे "नाही" लिहायला माझा हात धजला नाही. मुलगा गेलेल्या बाईच्या नावापुढे "नाही" काय लिहायचं? मी रकाना रिकामा सोडला. तेव्हा मला ते फार हळुवारपणाचं वाटलं होतं.

रत्नागिरीला परत आले आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. तो मध्येच कोसळला. सहावा रकाना मागतेस पण ओळीत पाचच आहेत, अशी तक्रार. कुठल्या ओळीत, तेही तो मला सांगू शकला असता, विचारायला एक मिनिट लागलं असतं. पण सेक्रेटरीचे दोन फोन येऊन गेले होते, दुसऱ्या दिवशी पहिलं लेक्चर होतं, आणि खरं सांगायचं तर माझा कंटाळा आणि माझा गर्व दोन्ही एकदम आडवे आले. शंभरावर ओळींत एखादी वाकडी असायचीच, मंडळाच्या लोकांनी काहीतरी घोळ घातला असेल, असं म्हणून मी एक ओळ लिहिली: तुकडे सहा नसतील तर ती ओळ सोड आणि पुढे जा. प्रोग्राम तक्रार न करता शेवटपर्यंत गेला. किती ओळी आत गेल्या आणि किती बाहेर आल्या ते मी मोजलं नाही. कागद तयार झाला, देखणा झाला, वर देवीचं चित्रही घातलं.

ग्रुपवर टाकला तेव्हा कौतुकाचा पाऊस पडला. "ताई, मान गये." "गावाची शान." प्रत्येकाने त्यात आपापलं घर शोधलं, सापडलं, आणि कागद मिटला. दुसऱ्याचं घर आहे का हे बघायला कोण कशाला जाईल? काकीकडे बटणांचा फोन होता, ती ग्रुपवर नव्हती. आबा वाचत नसत.

शिमग्याला मी चार दिवस रजा काढून गावी गेले. आयुष्यात पहिल्यांदा पालखीच्या मागे न राहता पुढे चालले, सेक्रेटरीच्या बरोबरीने. त्याच्या हातात छापील कागद, माझ्या हातात मोबाईल, आणि सगळ्यांच्या पुढे काठी टेकत आबा. खालूबाजा वाजत होता, ऊन चढत होतं, आणि पालखी कागदातल्या वेळेवर चालली होती. मुंबईचे लोक घड्याळ बघून माझ्याकडे बघत आणि हसत. मी अगदी तरंगत होते.

आमच्या वाडीतलं शेवटचं घर झालं आणि सगळे पाखाडीच्या तिठ्याशी आले. तिथून उजवीकडे पुढची वाडी, डावीकडे वर चिऱ्याच्या पायऱ्या. बाजा उजवीकडे वळला. आबा तिथेच थांबले.

"वरचा घर ऱ्हायला रे," ते म्हणाले.

सेक्रेटरीने कागद पाहिला. "यादीत नाय, आबा."

"यादीत नाय कसा? दर साल जातो आपण. गेल्या सालाला सुतक व्हता म्हणून नाय गेलो."

आमच्या गावात ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलं असेल तिथे पालखी जात नाही, ते घर बाजूला ठेवून पुढे जाते. सेक्रेटरीने माझ्याकडे बघितलं. "ताई, बघा हो तुमच्यात."

मी मोबाईलवर यादी वर-खाली केली. खांद्यावर पालखी घेतलेले लोक उन्हात थांबले होते, मागून कुणीतरी "चला चला" म्हणत होतं. नव्हतं घर. आणि त्या क्षणी मला खरोखर वाटलं, की नाही म्हणजे नाहीच असणार, कारण यादी माझी होती.

"नाही," मी म्हटलं. आणि आबा अजून हलत नाहीत असं बघून पुढे म्हणाले, "सुतक फिटलं नसेल अजून. बाबांनीच काढायला सांगितलं असेल."

असं बाबा काहीही म्हणाले नव्हते. मला फक्त पुढे जायचं होतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर पायऱ्यांकडे पाहिलं. "मंग माज्याच लक्षात नाय ऱ्हायला," असं पुटपुटले आणि काठी टेकत उजवीकडे वळले. वळता वळता मी वर बघितलं. पायऱ्यांच्या टोकाला तिच्या अंगणाची कड दिसते. तिथे रांगोळीचा पांढरा पट्टा होता आणि पाटावर काहीतरी हिरवं झाकून ठेवलं होतं. ओटीचा खण असावा. मी ते पाहिलं आणि तरीही चालत राहिले.

जेवायला घरी आले, पण ताटावर न बसता आधी लॅपटॉप उघडला. मूळ यादीत काकीची ओळ होती, शेवटची उभी रेघ होती, आणि तिच्यापुढे मीच पुसलेला रकाना. दुसऱ्या बाजूला माझी ती ओळ: सोड आणि पुढे जा. कळायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! 

तेव्हा दुपारचे अडीच वाजले असतील. पालखी पुढच्या वाडीत होती. गेलेल्या वाटेने पालखी उलटी फिरवायची नाही असा आमच्याकडे दंडक आहे. पण दुसऱ्या दिवशी ती सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसायला परत येणार होती आणि येण्याची वाट वेगळी असली तरी त्याच तिठ्यावरून होती. मी नुसतं आबांना सांगायचं होतं, की चूक माझी झाली, काकीचं घर राहिलं, उद्या येताना वर चढा. कुणी मला फासावर दिलं नसतं. थोडी चेष्टा झाली असती. "बघा, बायकांच्या हाती कारभार दिला," असं दोघं-चौघं म्हणाले असते, आणि तेच मला नको होतं. मी मनाशी म्हटलं, संध्याकाळी सांगते. संध्याकाळी सेक्रेटरीने सगळ्यांसमोर माझ्या हातात नारळ दिला, शाल दिली. त्या शालीत सांगणं मला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी पालखी तिठ्यावरून सरळ सहाणेकडे गेली. आबांनी त्या पायऱ्यांकडे मान वळवलीसुद्धा नाही. मी मात्र बघितलं. रांगोळी तशीच होती, पाट उचललेला होता.

काकीने तक्रार केली असती तर बरं झालं असतं. ती खाली येऊन भांडली असती, कमिटीला शिव्या घातल्या असत्या, तर कुठेतरी तपास निघाला असता आणि मी पकडले गेले असते. तिने कुणाला काही विचारलंच नाही. आठवड्याने आईचा फोन आला, इकडच्या तिकडच्या गोष्टींत ती म्हणाली, "वरची काकी देवळात यायची बंद झाली गो. म्हणते, देवीला माझं घर अजून चालत नाही. म्हणते, लेकाचं काहीतरी करायचं राहिलंय माझ्या हातून."

"वेडी आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

पुढचे काही महिने मी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खरं आहे. वर्गात स्प्लिटचा धडा आला तेव्हा मी तो दुसऱ्या सरांना घ्यायला सांगितला, घसा बसलाय म्हणून. तोंडी परीक्षेत तो प्रश्न विचारला नाही. मुलांना वाटलं मॅडम सुधारल्या.

भाद्रपदात गणपतीला गावी गेले. आमच्याकडे आरत्या करायला वाडीतले लोक घरोघर जातात. आमच्या घरची आरती झाली, शेजारच्यांची झाली, आणि कुणीतरी म्हणालं, "वर जायचं नाही, काकीने यंदाही गणपती आणला नाही." मी विचारलं, का? तर म्हणे, ज्या घरात देवीने पाऊल ठेवलं नाही तिथे गणपती कसा आणू, असं ती म्हणते. मुलगा गेला त्या वर्षी नव्हता आणला, ते ठीक होतं, रीतच आहे. पण हे दुसरं वर्ष.

दुसऱ्या दिवशी मी एकटी पाखाडी चढले. डब्यात मोदक घेतले होते आणि मनात वाक्य पाठ केलं होतं: काकी, तुमचं घर माझ्या चुकीने राहिलं. एवढंच. पायरीपायरीला ते म्हणत वर गेले.

काकी पडवीत कुळीथ निवडत बसली होती. मला बघून उठली, पदराने पाट पुसला. आत मखराची लाकडी चौकट भिंतीला उलटी टेकवून ठेवली होती. तिने मोदक घेतले, डोक्याला लावले आणि म्हणाली, "तुझ्या घरचा परसाद आला, माजा गणपती झाला."

"काकी," मी म्हटलं.

"बोल गो."

"तुम्ही असं मनाला लावून घेऊ नका. देवी असं काही करत नसते."

"ती कशाला करील? आपलाच काय चुकतां." ती परत निवडायला बसली. "मी रोज आठवतंय. बाराव्याला वाडीत जेवान दिला, वरसाला दिला. त्येच्या आवडीचा माशाचा कालवन तेवढा ऱ्हायला. तोच अडकला असंल गो कुठंतरी. आई म्हनून मीच कमी पडलंय."

बाई रोज तिथे बसून आपल्या मेलेल्या मुलाच्या बाबतीत आपण काय चुकलो ते शोधत होती, आणि ते उत्तर माझ्या लॅपटॉपमध्ये होतं. माझं पाठ केलेलं वाक्य अगदी जिभेवर होतं. पण आता ते नुसतं "घर राहिलं" एवढंच राहिलं नव्हतं. आता मला हेही सांगावं लागणार होतं, की त्याच दुपारी मला कळलं होतं, सुतकाचं मीच सांगितलं होतं, आणि सहा महिने मी शाल घडी करून कपाटात ठेवून गप्प बसले होते. एवढं सगळं ऐकून ती माझ्याकडे कशी बघेल, याची मला भीती वाटली. तिच्या सहा महिन्यांपेक्षा मला माझी लाज मोठी वाटली. मी तिच्यासोबत कुळीथ निवडले, चहा घेतला आणि खाली आले.

यंदाच्या शिमग्याआधी मी प्रोग्राम दुरुस्त केला. स्प्लिटला वजा एक दिलं, ती सोडून देणारी ओळ काढून टाकली, आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या ओळी तीनतीनदा मोजल्या. काकीचं घर आपल्या जागी, आमच्या वाडीच्या शेवटी, सकाळी साडेदहाच्या वेळेला आलं. सेक्रेटरीने फोनवर विचारलं, "हे घर नवीन घातलं का?" मी म्हटलं, "सुतक फिटलं." तो बरं म्हणाला. आबांना मात्र कुणी काही विचारलं नाही. गेल्या वर्षापासून ते मार्ग सांगेनासे झाले होते. कुणी विचारलंच तर म्हणत, "माजा आता ध्यान ऱ्हात नाय, कागद बघा." त्या कागदाने माझ्यामुळे त्यांचंही काहीतरी काढून घेतलं होतं.

काकीला मीच आदल्या दिवशी फोन केला. "उद्या सकाळी तुमच्याकडे पालखी येणार आहे. ओटी तयार ठेवा."

  तिने विचारलं, "माफ केला म्हनायचा तर देवीनं?"

सांगायची ती शेवटची संधी होती, आणि सगळ्यात सोपी. फोनवर चेहरा दिसत नाही. मी म्हटलं, "हो काकी."

दुसऱ्या दिवशी पालखी चिऱ्याच्या पायऱ्या चढली. वाट अरुंद, माणसं धापा टाकत होती, बाज्याचा आवाज वरच्या कातळावरून परत येत होता. मी मागे राहिले. यंदा पुढे चालायला मला कुणी बोलावलं तरी मी गेले नाही. अंगण शेणाने सारवलेलं होतं, रांगोळी दारापासून पायरीपर्यंत. काकी नवं लुगडं नेसली होती. तिने ओटी भरली, पालखीखाली वाकून गेली, आणि उठून आबांच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. आबांनी मान डोलावली.

घरोघरी पालखी थांबली की आबा देवीला त्या घराचं गाऱ्हाणं घालतात. बहुतेक ठिकाणी मागणं एकच असतं: पोरांना नोकरी, म्हाताऱ्यांना बरं वाटणं, कलमांना मोहोर. प्रत्येक वाक्यामागे सगळे मिळून होकार देतात, की देवीपर्यंत तो पोचावा. आबांनी हात जोडले, डोळे मिटले. काकी पालखीसमोर जमिनीवर पालथी पडली होती, कपाळ मातीला लावून, हात पुढे पसरून.

"हे आई म्हाराजा," आबा म्हणाले. "ही तुजी लेक. गेल्या साली तू हिच्या दारात आलीस नाय. हिच्या हातून जानता-अनजानता मोटी चूक झाली असंल, म्हनून तू पाठ फिरवलीस. ती चूक हिची आहे, हिनं पदरात घेतली. आता ती पोटात घाल, आनि हिच्या लेकाला वाट मोकळी कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

काकीची पाठ हुंदक्यांनी हलत होती. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. सगळ्यांच्या आवाजात मीही ते म्हटलं होतं, आणि मोठ्याने म्हटलं होतं.